पुण्यात परवडणारं घर शोधताना: नगर जिल्ह्यातल्या कुटुंबांसाठी मोहल्ले, भाडं आणि कागदपत्रं

दहावी-बारावीचे निकाल लागले की नगर, श्रीरामपूर, संगमनेर, जामखेड, शेवगावकडच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला पुण्यात नोकरी लागली, मुलीला कॉलेज मिळालं, आता राहायचं कुठं? नगरहून पुणे साधारण १२० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन करणं शरीराला आणि खिशाला दोन्हीला झेपत नाही. मग कुणाचा तरी मामू, कुणाचे तरी खालू कोंढव्यात राहतात, त्यांना फोन जातो आणि मिळेल ते घर घेतलं जातं. सहा महिन्यांनी कळतं की भाडं कमी होतं, पण टँकर, पेट्रोल आणि एजंटची दलाली धरली तर घर महागच पडलं.

पुण्यात स्वस्त घर मिळत नाही असं नाही. मिळतं. पण बहुतेक स्वस्त घरांच्या मागं एखादं कारण असतं: पाणी नाही, रस्ता नाही किंवा कागद नाही. पहिल्या दोन कारणांशी जुळवून घेता येतं. तिसऱ्याशी नाही. या लेखात कोणत्या भागात काय मिळतं ते आहेच, पण कागदाची बाजू जास्त सविस्तर दिली आहे.

नगर रोडची बाजू

आपल्याकडची एस.टी. पुण्यात शिरते ती वाघोली, खराडी, येरवडा अशी. त्यामुळं नगर जिल्ह्यातल्या माणसाला हा पट्टा सर्वांत सोयीचा. शनिवारी रात्री गावी निघायचं तर शहर ओलांडावं लागत नाही. चंदननगर-खराडीत नगर, बीडकडून आलेली बरीच कुटुंबं आहेत. मात्र खराडीत आय.टी. कंपन्या आल्यापासून तिथली नवी घरं आपल्या आवाक्याबाहेर गेली. जुन्या चंदननगरच्या गल्ल्यांत, टिंगरेनगर, धानोरी, लोहगावकडं अजून बरं भाडं सापडतं. येरवडा, विश्रांतवाडीत जुनी मुस्लिम वस्ती आहे, मशिदी आहेत, घरं मात्र लहान.

वाघोली हे सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. ३० जून २०२१ ला जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यात वाघोली आहे. इमारती भरपूर, म्हणून घासाघीस करायला जागा असते. पण गाव महापालिकेत आलं म्हणजे दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं असं होत नाही. अनेक सोसायट्या टँकरवर चालतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये निघतो. मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली. तिथून वाघोलीपर्यंतच्या वाढीव मार्गाला केंद्र सरकारनं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. मंजुरी म्हणजे गाडी नव्हे. "मेट्रो येणारेय" म्हणून एजंट आज दोन हजार जास्त मागत असेल तर त्याला मेट्रो आल्यावर भेटू म्हणा.

काम रांजणगाव एम.आय.डी.सी.त असेल तर पुण्यात घर शोधायचंच कशाला? शिरूर जवळ पडतं, बाजारपेठ आहे, जुना मोहल्ला आहे, आणि नगर हाकेच्या अंतरावर. चाकणला काम असेल तर शिक्रापूरहून चाकणकडं फाटा जातो. त्या बाजूनं हिशोब करा, कोंढव्यातून नको.

कोंढवा आणि त्याच्या पलीकडं

आपल्या लोकांची पहिली पसंती कोंढवा, आणि त्याला कारणं आहेत. मशीद, मकतब, हलाल खाणं, कब्रस्तान, ओळखीची माणसं. अब्बा-अम्मी सोबत राहणार असतील, जमातनं नमाज पढायची सवय असेल, मुलांना संध्याकाळी कुराण शिकायला पाठवायचं असेल, तर या सोयीची किंमत पैशांत मोजता येत नाही. पण सगळेच तिथं जातात म्हणून तिथलं भाडंही त्याच कारणानं चढतं, हे विसरून चालणार नाही.

कोंढवा म्हणजे एकच भाग नाही. कौसरबाग, एन.आय.बी.एम. रोड, साळुंखे विहारची बाजू महाग. मीठानगर, भाग्योदयनगरात इमारती दाटीवाटीच्या, गल्ल्या अरुंद, पण भाडं तुलनेनं कमी. पुढं कोंढवा बुद्रुक, येवलेवाडी, पिसोळी, उंड्री. जितकं पुढं जाल तितका फ्लॅट मोठा होतो आणि टँकरही वाढतात. कात्रज-कोंढवा रस्त्यावरची वाहतूक कोंडी तर पुण्यात प्रसिद्धच आहे. घर रविवारी सकाळी बघू नका, तेव्हा सगळेच रस्ते मोकळे असतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता जा. खालच्या मजल्यावरच्या बाईंना किंवा किराणावाल्याला विचारा, पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात काय होतं. एजंट सांगणार नाही ते ते सांगतात.

हडपसरला मगरपट्टा किंवा फुरसुंगीकडं काम असेल तर सय्यदनगर बघा. जुनी वस्ती, मध्यमवर्गाला झेपणारी, मात्र रेल्वे गेटमुळं खोळंबा ठरलेला. तिथून महंमदवाडी, हांडेवाडीकडं नवीन बांधकामं आहेत.

कॅम्प, भवानी पेठ, नाना पेठ, घोरपडे पेठ, मोमीनपुरा हा जुना भाग. स्टेशन जवळ, आझम कॅम्पस जवळ, सगळं पायी. शिकणाऱ्या मुला-मुलींना आणि एकट्या नोकरदाराला हा भाग फायद्याचा, कारण गाडीची गरजच पडत नाही. कुटुंबासाठी खोल्या लहान पडतात, जुन्या वाड्यात पावसाळ्यात गळतीही असते. पागडीचं घर कुणी "स्वस्तात" देत असेल तर मूळ मालकाची लेखी संमती असल्याशिवाय हात लावू नका.

पिंपरी-चिंचवड: काम भरपूर, सावधगिरीही तितकीच

कासारवाडी, दापोडी, नेहरूनगर, आकुर्डी, चिंचवड इथं कामगार कुटुंबांच्या जुन्या वस्त्या आहेत. पिंपरी ते स्वारगेट मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण सुरू झाली आहे, त्यामुळं कासारवाडी-दापोडीत राहून पुण्यात काम करणं पूर्वीपेक्षा सोपं झालं.

पण याच शहरात स्वस्त जागेनं लोकांना सर्वांत मोठा फटका दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीतल्या कुदळवाडीत महापालिकेनं हजारो शेड, गोदामं आणि छोटे कारखाने अनधिकृत म्हणून पाडले. भंगाराच्या धंद्यातले आपले अनेक लोक तिथं वर्षानुवर्षं होते. त्यानंतर १७ मे २०२५ ला चिखलीतच इंद्रायणीच्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले जमीनदोस्त झाले. प्रकरण हरित लवादात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, दिलासा मिळाला नाही. ही झोपडपट्टी नव्हती. लोकांनी आयुष्यभराची कमाई घालून प्लॉट घेतले होते आणि पक्के बंगले उभे केले होते.

त्याशिवाय देहूरोड दारूगोळा डेपो आणि दिघी मॅगझिनभोवती रेड झोन आहे. तळवडे, रुपीनगर, चिखली, निगडी, भोसरी या बाजूचे काही भाग त्यात येतात. तिथं नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, बँका कर्ज देत नाहीत. म्हणून तिथला गुंठा स्वस्त असतो. भाड्यानं राहायला अडचण नाही, विकत घेण्याआधी मात्र महापालिकेतून झोन दाखला काढाच.

भाडं म्हणजे खर्च नव्हे

एक साधा हिशोब करून बघू. समजा कामापासून २० किलोमीटरवर घर घेतलं आणि भाड्यात अडीच हजार वाचले. येणं-जाणं रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ देते असं धरलं तर २२ लिटर पेट्रोल, शंभरापेक्षा जास्त दरानं सव्वादोन हजारांच्या पुढं. सर्व्हिसिंग आणि टायर धरले की वाचलेले अडीच हजार गेले. वर रोजचे दोन तास गेले ते वेगळेच. बसनं जायचं तर पी.एम.पी.चा महिन्याचा पास १ जून २०२५ च्या दरवाढीनंतर १,५०० रुपयांचा झाला आहे. घरात दोन कमावते असतील तर दोन पास.

म्हणून घर बघताना वहीत पाच आकडे लिहा: भाडं, मेंटेनन्स, पाणी, प्रवास आणि शाळेची व्हॅन. बेरीज करून मगच दोन घरांची तुलना करा. दलाली बहुतेक ठिकाणी एक महिन्याच्या भाड्याइतकी घेतात. ११ महिन्यांनी करार वाढवताना ती परत मागितली तर द्यायची का, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

एक खर्च वाचवता येतो. रेशन कार्ड नगरचं असलं तरी धान्य पुण्यातल्या रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं. कार्ड बदलण्यासाठी लगेच धावपळ नको.

"घर आत्ताच गेलं"

फोनवर घर रिकामं असतं. नाव सांगितलं की "आत्ताच गेलं" असं उत्तर येतं. हा अनुभव आपल्यातल्या बहुतेकांना आहे, त्यावर पडदा टाकण्यात अर्थ नाही. व्यवहाराचा सल्ला एवढाच की पहिल्याच फोनला पूर्ण नाव सांगा. अपमान टळत नाही, पण रिक्षाचं भाडं आणि अर्धा दिवस वाचतो.

खासगी मालकानं घर कुणाला द्यायचं यात कायदा फारसा हात घालत नाही. पण अनेकदा मालक तयार असतो आणि सोसायटीची कमिटी आडवी येते. तिथं मात्र नियम आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सोसायटीला कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, एवढंच. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. विकत घेतलेल्या घराचं सभासदत्व सोसायटी नाकारत असेल तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अपील करता येतं. मालकाला हे माहीत नसतं म्हणून तो माघार घेतो. नियमाचा कागद दाखवल्यावर काही जण ठाम राहतात, काही तरीही राहत नाहीत.

करार नोंदवलेलाच हवा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मालकाला दंड किंवा शिक्षाही होऊ शकते. तरीही नोटरीचा कागद करून भागवणारे खूप आहेत, कारण नोंदणी महाग असते असा गैरसमज आहे.

खर्च बघा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. दहा हजार भाडं आणि अकरा महिने म्हणजे १ लाख १० हजार. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कम यात मिळवतात. पन्नास हजार डिपॉझिट असेल तरी मुद्रांक तीनशेच्या आसपासच येतो. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. हे काम आता ऑनलाइन, घरी बसून अंगठा देऊन होतं.

या कागदाचा उपयोग पुढं बराच होतो. आर.टी.ई.च्या २५ टक्के राखीव जागांसाठी मुलाचा अर्ज भरताना भाड्याच्या घराचा पत्ता नोंदणीकृत करारावरच धरला जातो. नोटरीचा करार घेऊन गेलेल्यांचे अर्ज पडताळणीत बाद होतात. गॅस, बँक, आधारवरचा पत्ता यांनाही तोच लागतो.

हेवी डिपॉझिट

चार-पाच लाख एकरकमी द्या, भाडं नाही, दोन वर्षांनी पैसे परत. कोंढव्यापासून मुंब्र्यापर्यंत आपल्या मोहल्ल्यांत हा प्रकार जोरात आहे. गावचा प्लॉट किंवा दागिने विकून आलेल्या कुटुंबाला हे फार सोयीचं वाटतं.

धोका असा की घर दाखवणारा मालक असेलच असं नाही. मालक असला तरी घरावर बँकेचं कर्ज असू शकतं. त्यानं हप्ते थकवले की बँक सरफेसी कायद्यानं घर ताब्यात घेते. मग आपण बाहेर, आणि पाच लाख मालकाकडून वसूल करायचे, तो सापडला तर. म्हणून मूळ मालकाला समोर बसवा, त्याच्या नावाची सूची क्रमांक दोन म्हणजे इंडेक्स टू बघा, कर्ज आहे का ते सोसायटीत विचारा, पैसे चेकनं किंवा बँकेतूनच द्या आणि डिपॉझिटची पूर्ण रक्कम नोंदणीकृत करारात लिहून घ्या. "करारात पन्नास हजारच दाखवू" म्हणणाऱ्याचं घर नको.

दुसरी बाजू शरियतची. दिलेल्या रकमेच्या बदल्यात फुकट राहणं म्हणजे कर्जावर फायदा घेणं, आणि तो व्याजात मोडतो, असं अनेक उलमांचं म्हणणं आहे. नाममात्र भाडं ठेवल्यानं ते जायज होतं की नाही यावरही चर्चा आहे. व्याज टाळायचं म्हणून बँकेपासून दूर राहणारी माणसं इथं नकळत त्याच प्रश्नात अडकतात. पैसे देण्याआधी आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना सगळा व्यवहार सांगून विचारा.

विकत घेताना: पावती म्हणजे मालकी नव्हे

नळ आहे, लाइटचं मीटर आहे, घरपट्टीची पावती आहे, म्हणजे घर कायदेशीर आहे असं आपल्याकडं सर्रास समजतात. तसं नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, पण कर घेतला म्हणून ते अधिकृत होत नाही. नोंदणीकृत खरेदीखतसुद्धा फक्त व्यवहार झाल्याचा पुरावा आहे, बांधकामाला परवानगी होती याचा नव्हे. आणि नोटरी केलेलं साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र यानं मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

फ्लॅट नव्या इमारतीत असेल तर महारेरा नोंदणी बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला ती सक्तीची आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तयार इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र मागा.

प्लॉटचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. सातबारा उतारा ऑनलाइन मिळतो, तो स्वतः काढा. विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. बिगरशेती आदेश आहे का, उताऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलंय का ते बघा. वर्ग दोनची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे तुकडेबंदी कायद्यात अडकू शकतात. गुंठेवारी कायदा २००१ चा, त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. पण "गुंठेवारीत होऊन जाईल" आणि "गुंठेवारीत झालेलं आहे" यात फरक आहे. झालेलं असेल तर नियमितीकरणाचा दाखला हातात असतो.

आपल्या मोहल्ल्यांत आणखी एक गोष्ट येते, वक्फची जमीन. दर्ग्याच्या, मशिदीच्या किंवा कब्रस्तानच्या इनाम जमिनीवरचे प्लॉट मुतवल्लीच्या किंवा जुन्या कब्जेदाराच्या सहीनं विकले जातात. वक्फ कायद्याच्या कलम १०४-अ नुसार वक्फ मालमत्तेची विक्री, बक्षीस, गहाण, हस्तांतर सगळंच बेकायदा आहे. विकणारा आपलाच माणूस आहे म्हणून व्यवहार शुद्ध होत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात काय नोंद आहे ते बघा, आणि शंका असेल तर राज्य वक्फ मंडळाकडं लेखी विचारणा करा.

घर घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या घरावर तीस हजार रुपये.

नगरमध्येच राहायचं तर

काही कुटुंबांनी उलटा मार्ग धरला आहे. कमावता माणूस पुण्यात खोली घेऊन राहतो, बायका-मुलं नगरमध्ये. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत, त्यामुळं येणं-जाणं जमतं. सुपा एम.आय.डी.सी.त काम असेल तर नगरमध्ये घर ठेवणं हाच स्वस्त पर्याय.

नगर शहरात सावेडीचा गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड महाग. मुकुंदनगर, गोविंदपुरा, फकीरवाडा इथं मुस्लिम वस्ती मोठी. झेंडीगेट, कोठला, सर्जेपुरा, तोफखाना हा जुना भाग दाट पण बाजाराजवळ. नागापूर-बोल्हेगाव एम.आय.डी.सी.तल्या कामगारांना सोयीचं, केडगाव पुणे रस्त्याला लागून. भिंगार-मुकुंदनगरच्या बाजूला प्लॉट घेताना आधी हद्द विचारा. महापालिका, कॅन्टोन्मेंट आणि ग्रामपंचायत अशा तीन हद्दी तिथं जवळजवळ आहेत. कॅन्टोन्मेंटमध्ये अनेक ठिकाणी जमीन सरकारची आणि बांधकाम तेवढं आपलं असा प्रकार असतो, आणि लष्करी हद्दीलगत बांधकामाला लष्कराचा ना-हरकत दाखला लागतो. सीना नदीकाठी प्लॉट बघत असाल तर पूररेषेचा नकाशा महापालिकेत बघून या. चिखलीच्या बंगल्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

म्हाडाचा अर्ज

म्हाडाच्या सोडतीत नाव आणि धर्म बघून कुणी "घर गेलं" म्हणत नाही, नंबर संगणकावर लागतो. तरीही आपल्याकडून अर्ज कमी जातात. पुण्यातल्या घरांसाठी पुणे मंडळ, नगर जिल्ह्यातल्या घरांसाठी नाशिक मंडळ. चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या खासगी प्रकल्पांतली २० टक्के घरंही याच सोडतीत येतात, आणि ती बाजारभावापेक्षा स्वस्त असतात. पुणे महानगर क्षेत्रात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट, १२ लाखांपर्यंत मध्यम गट.

जाहिरात आल्यावर कागद गोळा करायला घेतले तर वेळ पुरत नाही. आधार, पॅन, आयकर विवरण किंवा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, आणि अधिवास प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. आधार, पॅन आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते तपासा. शेख, सय्यद, पठाण ही आडनावं एका कागदावर नावाआधी आणि दुसऱ्यावर नावानंतर लिहिलेली असतात, आणि पडताळणीत अर्ज तिथंच अडकतो.